विष्णु दिगंबर : अधू नजरेचा द्रष्टा

आपल्या गॅदरिंगमध्ये तबल्यावर किंवा पेटीवर जो कोणी बसतो, त्याला सहज विचारून बघा की बाबा रे, तू हे शिकलास कुठे? बहुतेक वेळा उत्तर येतं की शाळेत असताना गांधर्वच्या दोन-तीन परीक्षा दिल्या होत्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही नावं मराठी घरांत चांगलीच ओळखीची आहेत. गाण्याला सिलॅबस असतो, वर्ग असतो, वही असते, परीक्षा असते आणि शेवटी सर्टिफिकेट मिळतं, यात आज आपल्याला काही विशेष वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र सामान्य घरातल्या मुला-मुलींच्या वाट्याला यातलं जवळजवळ काहीच येत नव्हतं. ज्या माणसाने हे घरोघर पोचवलं, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांना स्वतःला मात्र शाळा अर्धवट सोडावी लागली होती. कारण एकच. डोळ्यांना नीट दिसेनासं झालं होतं.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. आज हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात येतं, तेव्हा ते पटवर्धनांचं छोटं संस्थान होतं. घराणं मूळचं पलूस गावचं, म्हणून आडनाव पलुसकर. वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार. त्यामुळे टाळ, मृदंग, अभंग, आख्यानं हे सगळं घरातच होतं. मुलगा शाळेत जात होता आणि चारचौघांसारखा शिकून पुढे काहीतरी नोकरी-धंदा करेल अशीच घरच्यांची अपेक्षा असणार.

कुरुंदवाडच्या जवळच नृसिंहवाडी आहे. दत्ताचं मोठं ठिकाण. दत्तजयंतीच्या उत्सवात तिथे फटाके उडवले जात. अशाच एका उत्सवात एक फटाका छोट्या विष्णूच्या अगदी चेहऱ्याजवळ फुटला. दोन्ही डोळ्यांना इजा झाली. गावात तातडीने उपचार करायला कोणी नव्हतं. काही काळ तर मुलाला दिसायचंच बंद झालं. पुढे त्याला मिरजेला हलवलं. कुरुंदवाड ते मिरज हे अंतर आज आपण बाईकवर सहज काटू, वीस-पंचवीस किलोमीटरचं. पण त्या काळी तेवढंही पुष्कळ होतं. मिरजेत डॉ. भडभडे यांनी उपचार केले. थोडीफार दृष्टी परत आली, पण नजर कायमची अधू राहिली. पुस्तकं, पाटी, शाळा यांचा मार्ग तिथेच संपला.

अधू नजर म्हणजे नेमकं काय, हे आपल्यासारख्या धडधाकट डोळ्यांच्या पोरांना चटकन कळत नाही. आपल्याला वाटतं, दिसणं हे ट्यूबलाइटच्या बटणासारखं आहे. चालू तरी, नाहीतर बंद तरी. प्रत्यक्षात दिसण्याला क्षेत्रफळ असतं. एक डोळा झाका आणि दुसऱ्याने समोरच्या एका बिंदूकडे स्थिर बघा. मान आणि बुबुळ न हलवता तुम्हाला बाहेरच्या बाजूला सुमारे १०० अंशांपर्यंत, नाकाच्या बाजूला आणि वर सुमारे ६० अंशांपर्यंत आणि खाली ७० ते ७५ अंशांपर्यंतचं काही ना काही कळत असतं. यालाच दृष्टिक्षेत्र म्हणतात. या सगळ्या क्षेत्रात बारीक अक्षर वाचण्याइतकी तीक्ष्ण नजर फक्त मधल्या काही अंशांत असते. कडेचा भाग मुख्यतः हालचाल टिपायला आणि अंधारात वावरायला उपयोगी पडतो.

त्यामुळे दृष्टी कुठे गेली यावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं. मधला भाग गेला तर माणूस रस्त्याने नीट चालतो, पण समोरच्याचा चेहरा आणि पुस्तकातलं अक्षर पुसलं जातं. कडा गेल्या तर तो पेपर वाचू शकतो, पण दाराच्या चौकटीला धडकतो आणि बाजूने येणारी सायकल त्याला कळत नाही. काहींना मध्येमध्ये ठिगळासारखे डाग पडतात. फटाक्यासारख्या स्फोटात यातलं काहीही होऊ शकतं. पारदर्शक पटलावर व्रण राहून सगळंच धुरकट होतं, भिंगाला मोतीबिंदू होतो, आत रक्तस्राव होतो किंवा मागचा पडदा सुटतो.

आपल्या हॉस्टेलवर जव्हार-मोखाड्याकडची मुलं आहेत, त्यांना हे समजायला बोहाड्याची आठवण पुरेशी आहे. होळीनंतरच्या दिवसांत तिकडे बोहाडा रंगतो. देवादिकांची, राक्षसांची सोंगं निघतात, संबळ घुमतो आणि मोठे मुखवटे चढवलेले लोक रात्रभर नाचतात. मुखवट्याच्या आत असलेल्या माणसाला बाहेरचं जग लहानशा भोकातून दिसतं. आजूबाजूचं बरंचसं जग झाकलेलं असतं. तरी त्याचं पाऊल चुकत नाही, कारण ते पाऊल संबळाच्या ठेक्यावर पडत असतं. डोळ्यांकडून येणारी माहिती कमी झाली की माणूस कानावर भिस्त ठेवतो. फरक एवढाच की बोहाड्यातला माणूस पहाटे मुखवटा उतरवून ठेवतो. विष्णूला तो कधीच उतरवता येणार नव्हता.

आणखी एक गंमत. पूर्णपणे निरोगी डोळ्यातही एक भोक असतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जिथून दृष्टीची नस बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. एडम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६६८ मध्ये हे जगासमोर मांडलं. हा तोच मारिओत, ज्याचं नाव वायूच्या दाब-आकारमानाच्या नियमात बॉइलच्या जोडीने घेतलं जातं. तुम्हीही करून बघा. कोऱ्या कागदावर आडव्या रेषेत आठ सेंटिमीटर अंतरावर डावीकडे फुली आणि उजवीकडे ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण तीस सेंटिमीटरवर ठिपका गायब होतो. तिथे काळा खड्डा दिसत नाही, दिसतो तो कोरा कागद! आजूबाजूला जे आहे त्यावरून मेंदू मोकळी जागा भरून टाकतो आणि काही गाळलंय याचा आपल्याला पत्ताही लागू देत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मिरजेत डॉक्टरांच्या उपचारांखाली असलेल्या या मुलाचा आवाज चांगला होता. त्याला गाणं शिकवावं असा सल्ला डॉ. भडभड्यांनीच दिला असं सांगतात. मिरज संस्थानचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी आश्रय दिला आणि विष्णु पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकू लागला. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारा माणूस. तेव्हाचं शिक्षण पूर्णपणे तोंडी. गुरूने म्हणायचं, शिष्याने ऐकायचं आणि हजार वेळा घोटायचं. वही नाही, पुस्तक नाही. एका परीने अधू नजरेच्या मुलासाठी हा वर्ग सोयीचाच होता, कारण इथे सगळ्यांनाच फक्त कानांनी शिकायचं होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी या रियाजात घातली.

पण याच काळात त्यांना दुसरी एक गोष्ट दिसली, जी चांगल्या डोळ्यांच्या लोकांना दिसत नव्हती. गाणं सगळ्यांना हवं होतं, गवई मात्र कोणाला नको होता. त्यांचे शिष्य पुढे एक प्रसंग सांगत असत. मिरजेतल्या एका समारंभाला राजाश्रयातला विद्यार्थी म्हणून विष्णूला आमंत्रण आलं, पण प्रत्यक्ष गुरूंना आलं नाही, कारण ते काय, नुसते गवई. हा अपमान त्यांच्या मनात घर करून राहिला. संगीताला आणि संगीतकाराला समाजात मान मिळवून द्यायचा, हे त्यांनी तिथेच ठरवलं. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. संस्थानात सुखाने राहता आलं असतं. हातात तयार गळा होता आणि राजाचा आश्रय होता. म्हणजे आजच्या भाषेत प्लेसमेंट झालेलीच होती म्हणा ना! ती सोडून अधू डोळ्यांचा हा २४ वर्षांचा तरुण भारतभर हिंडायला निघाला.

बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा तो प्रवास झाला. सौराष्ट्रात त्यांनी एक धाडस केलं. तोवर बडं गाणं दरबारात किंवा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात होत असे. त्यांनी नाममात्र तिकीट लावून सर्वांसाठी जाहीर मैफल केली. आज आपण शंभर-दोनशे रुपये देऊन कुठलाही कार्यक्रम ऐकायला जातो, त्या प्रथेच्या मुळाशी अशा मैफली आहेत. मथुरेत त्यांनी ब्रज भाषा समजून घेतली, कारण आपण गातो त्या बंदिशींचा अर्थ आपल्यालाच कळत नाही हे त्यांना पटत नव्हतं.

फिरत फिरत ते लाहोरला पोचले आणि तिथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. एखाद्या राजाच्या खजिन्यावर विसंबून न राहता, लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ही संगीताची शाळा. सुरुवातीचे दिवस कठीण होते. विद्यार्थीच येईनात. ते मात्र रोज ठरलेल्या वेळी तानपुरा लावून बसत. हळूहळू एक-एक करत मुलं जमली. फी देऊन शिकणारे आले आणि ज्यांच्याकडे फी नव्हती असेही आले.

इथे आपल्या इंजिनिअरिंगच्या डोक्याला आवडेल असं काम त्यांनी केलं. शेकडो वर्षं कानातून कानात गेलेलं गाणं कागदावर उतरवायची लिपी त्यांनी तयार केली. स्वर कोमल की तीव्र, मंद्र सप्तकातला की तार सप्तकातला, हे दाखवायला खुणा ठरवल्या. प्रत्येक स्वराखाली तो किती वेळ धरायचा याची खूण, पूर्ण मात्रा, अर्धी मात्रा, पाव मात्रा. आपण ड्रॉइंगमध्ये प्रत्येक रेषेला डायमेन्शन देतो तसंच समजा. त्यांच्या समकालीन पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीही वेगळी लिपी केली. ती लिहा-वाचायला सोपी म्हणून पुढे जास्त पसरली, हे मान्य करायला हवं. पण लयीचा बारीक हिशेब पलुसकरांच्या लिपीत अधिक काटेकोर आहे. विचार करा, ज्याला अक्षर नीट दिसत नाही म्हणून शाळा सोडावी लागली, त्याने गाण्याला अक्षर दिलं. स्वतःला पुरे पडणारं शिक्षण तोंडी होतं, तरी दुसऱ्यांसाठी त्याने ते वाचता येण्यासारखं केलं.

लिपी झाली की पुस्तकं हवीत, म्हणून छापखाना काढला. संगीत बालप्रकाशसारखी क्रमिक पुस्तकं आणि एकेका रागावरच्या पुस्तिका निघाल्या. संगीतामृत प्रवाह नावाचं मासिक सुरू केलं. वाद्यं बनवायला आणि दुरुस्त करायला कारखाना ठेवला. स्त्रियांसाठी वर्ग उघडले, तेही घरंदाज बाईने गाणं म्हणजे चर्चेचा विषय होता त्या काळात. शिक्षक तयार करण्यासाठी उपदेशक वर्ग काढला. त्यातल्या मुलांनी अनेक वर्षांचा करार लिहून द्यायचा, संस्थेतच राहायचं आणि शिकून झालं की इतरांना शिकवायचं. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. पहाटे उठणं, रियाज, व्यायाम, निर्व्यसनी राहणं याबाबतीत शिस्त कडक. आपल्या हॉस्टेलचे रेक्टर त्यांच्यापुढे अगदीच प्रेमळ वाटतील! ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सगळे त्यांच्या हाताखाली घडले. ओंकारनाथांना तर त्यांनी १९१६ मध्ये लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य केलं, तेव्हा ते अवघे १९ वर्षांचे होते.

त्यांच्यावर टीकाही झाली. बंदिशींमधले शृंगारिक शब्द त्यांनी काढून टाकले, भक्तीवर फार भर दिला, वर्गात एकदम वीस-पंचवीस मुलांना बसवून गवई होत नसतो, असे आक्षेप होते. त्यात तथ्य होतंच. पण त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की वर्गातून तानसेन निघाला नाही तरी चालेल, कानसेन निघाले पाहिजेत. ऐकणारा समाज तयार झाला तरच गवई जगेल.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईत विद्यालय सुरू केलं. काम वाढत गेलं तशी स्वतःची इमारत हवी असं वाटू लागलं. सँडहर्स्ट रोडला भली मोठी वास्तू उभी राहिली. वर्ग, सभागृह, विद्यार्थ्यांची राहण्याची सोय, सगळं तिथे होतं. ती उभी राहिली ती मुख्यतः कर्जावर.

मघाशी आपण कागदावरचा ठिपका गायब केला, तो आठवा. विष्णु दिगंबरांच्या आयुष्यातला तो ठिपका म्हणजे हे कर्ज, असं मला वाटतं. एवढा व्यवहारी, एवढा शिस्तीचा माणूस. लोकांना काय हवंय हे त्यांना दुरून दिसायचं. पण व्याज वाढतंय, फुकट जेवणाऱ्यांची पंगत वाढतेय आणि हे सगळं आपल्या एकट्याच्या गळ्यावर तोललं गेलंय, ही गोष्ट त्यांना दिसली नाही किंवा रामावर भार टाकून त्यांनी ती मोकळी जागा भरून टाकली. दौरे करायचे, मैफली करायच्या, आलेले पैसे संस्थेत ओतायचे. पुढे पुढे त्यांचं मन मैफलींपेक्षा रामनामात आणि रामायणाच्या प्रवचनात रमू लागलं, तशी मिळकतही घटली. अखेर १९२४ च्या सुमारास सावकारांच्या देण्यापोटी इमारतीचा लिलाव झाला. ज्या वास्तूसाठी उभं आयुष्य वेचलं ती हातची गेली.

घरातही दुःख कमी नव्हतं. बारा मुलं झाली, त्यातली अकरा लहानपणीच गेली. राहिला एकटा दत्तात्रेय, १९२१ मध्ये जन्मलेला. लिलावानंतर विष्णु दिगंबरांनी नाशिकला रामनाम आधाराश्रमात मुक्काम केला. त्र्यंबकच्या घाटाने मोखाडा-जव्हारकडून येणारी वाट ज्या नाशिकला उतरते, त्याच नाशकात त्यांची शेवटची वर्षं रामभजनात गेली. नजर आणखी मंदावत गेली होती, प्रकृती ढासळली होती. ज्या मिरजेत डोळ्यांवर उपचार झाले आणि गाणं मिळालं, त्याच मिरजेत २१ ऑगस्ट १९३१ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी ते गेले.

हिशेबाने बघितलं तर इमारत गेली, पैसा नव्हता आणि मुलगा दहा वर्षांचा. पण त्याच वर्षी शिष्य अहमदाबादला जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज देशभर ज्या परीक्षा होतात त्या याच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. नारायण मोरेश्वर खरे हे त्यांचे शिष्य गांधीजींच्या साबरमती आश्रमात होते आणि १९३० च्या दांडी यात्रेत चालले. आश्रमाच्या प्रार्थनेतली जी रामधून आपण शाळेपासून ऐकत आलो, तिची प्रचलित चाल विष्णु दिगंबरांच्याच नावावर सांगितली जाते. पोरक्या दत्तात्रेयला विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी शिकवलं. तेच पुढचे पंडित डी. व्ही. पलुसकर. त्यांनाही आयुष्य फक्त ३४ वर्षांचं मिळालं, पण त्या थोड्या वर्षांतली त्यांची रेकॉर्ड्स आजही लोक शोधून ऐकतात. १९७३ मध्ये टपाल खात्याने विष्णु दिगंबरांवर तिकीट काढलं. गवयाला समारंभाचं आमंत्रण मिळत नव्हतं, तिथून सुरुवात झाली होती, हे विसरू नका.

त्यांच्या चरित्रातून प्रेरणा वगैरे घ्यायची ती प्रत्येकाने आपापली घ्यावी. मला त्यातून तीन साध्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, फटाका. दिवाळीत टेरेसवर बाटलीत रॉकेट लावताना किंवा न फुटलेला सुतळी बॉम्ब वाकून बघताना एका क्षणात डोळा जातो. इजा झालीच तर डोळा चोळू नका, दाबू नका, घरगुती औषध घालू नका. वरून काहीतरी स्वच्छ आणि टणक, अगदी कागदी कपसुद्धा, न दाबता धरा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरून तज्ज्ञापर्यंत पोचायला आजही तासन्‌तास लागू शकतात, म्हणून तिकडे तर जास्तच जपायला हवं.

दोन, अधूनमधून एकेक डोळा झाकून बघत जा. दोन्ही उघडे असले की एका डोळ्यातली उणीव दुसरा भरून काढतो आणि उरलेली मेंदू भरतो. काचबिंदूमध्ये कडेची नजर अशीच न सांगता-सवरता जाते आणि गेलेली परत येत नाही. आपल्या वयात तो कमी आढळतो, पण आई-वडिलांच्या वयात तपासणी करून घेणं गरजेचं आहे. सुट्टीत घरी गेलात की एवढं काम नक्की करा.

आणि तीन, वर्गात पहिल्या बाकावर बसूनही बोर्डावरचं उतरवून घेताना अडणारा, मेसमध्ये बाजूने आलेल्या माणसाला धडकणारा एखादा मित्र असेल तर त्याला आंधळा आहेस का रे म्हणण्याआधी जरा थांबा. त्याच्या नजरेत कुठे काय गाळलं गेलंय हे आपल्याला माहीत नसतं. त्याला आपली वही द्या. वाटलं तर सबमिशनच्या आदल्या रात्री मोठ्याने वाचूनही दाखवा. मिरजेत एका मुलाला कोणीतरी म्हटलं होतं की वाचता येत नसेल तर येऊ दे, हा गाऊ शकतो. तेवढ्यावर केवढं गांधर्व उभं राहिलं!